बाळंतपणाचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी एक दिनदर्शिका टांगलेली असते. चतुर्थी-एकादशी पाहण्यापेक्षा तिचा मोठा उपयोग दूध आणि खाडे मांडण्याकडे होतो. दुधाचे आकडे तारखेच्या उजव्या कोपऱ्यात, आणि धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी ज्या दिवशी आल्या नसतील त्या तारखेभोवती पेन्सिलीचे एक वर्तुळ. महिनाअखेर वर्तुळे मोजायची, दोन सोडून द्यायची आणि उरलेल्यांचे पैसे कापायचे, हा सासूबाईंच्या वेळेपासूनचा शिरस्ता. कोल्हापुरातल्या पुष्कळ घरांत असेच चालत असावे. निदान मी तरी कुणाला याबद्दल चारचौघांत संकोचताना पाहिलेले नाही.

गेल्या गुढीपाडव्याच्या सुमाराची गोष्ट. मावशींनी भांडी पालथी घातली, हात पुसले आणि कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"बाई, ह्यो मेसेज तेवढा बघा की. सुनंच्या खात्यावर सातशे रुपये आल्यात म्हणं. कुणी टाकलं असतील? चुकून आलं असतील तर परत द्याय लागतील न्हवं?"

मेसेज इंग्रजीत होता. खात्याचे शेवटचे चार आकडे, रक्कम, आणि पुढे योजनेच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरे. त्या अक्षरांची फोड करायला मलाही थोडा वेळ लागला. मग म्हटले, "मावशी, हे सुनेच्या बाळंतपणाचे पैसे आहेत. दवाखान्यात बाळंत झाली ना ती, म्हणून सरकारनं दिलेत."

मावशी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "आता? त्ये पोर आता पालथं पडाय लागलं की वो!"

मूल दिवाळीतले. पाडव्याच्या आदल्या रात्री सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. मावशी राहतात शहराला लागून असलेल्या एका खेड्यात, सकाळच्या के. एम. टी.ने येतात, दुपारच्या गाडीने परततात. सून दिवसभर भांगलणीला जाते, आणि मावशी आजारी पडल्या तर आमच्याकडेही येते. तिची ही दुसरी खेप. त्या रात्री मिळेल ती रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेले. औषधपाणी, खाट, जेवण फुकट होते, हे मावशी आवर्जून सांगतात. पण रिक्षा फुकट नव्हती, सोबतच्या माणसांचा चहा-वडा फुकट नव्हता, बाहेरून आणलेली एक-दोन औषधे फुकट नव्हती, आणि मुलगा झाला म्हटल्यावर ज्यांनी ज्यांनी हात पुढे केला त्यांच्या पेढ्यांचे पैसेही द्यावे लागले. बचत गटातून चार हजार उचलले होते. त्याचे हप्ते भरता भरता माघ सरला, फाल्गुन सरला, आणि मग हे सातशे रुपये आले; तेही असे, की ज्यांना मिळाले त्यांना वाटले, दुसऱ्याचेच चुकून आले असावेत.

एखाद्याने काही करावे म्हणून त्याला पैसे देऊ करायचे, आणि ते पैसे कशाचे हेच त्याला कळू नये, याला प्रोत्साहन म्हणायचे तरी कसे? तेव्हापासून या सातशे रुपयांची कुळकथा शोधायचा मला नाद लागला.

सरकारी कागदांत या योजनेचे नाव 'जननी सुरक्षा योजना'. २००५ च्या एप्रिलात ती देशभर सुरू झाली. गरीब घरातल्या बायकांनी घरी, अंधाऱ्या खोलीत बाळंत होण्याऐवजी दवाखान्यात जावे, म्हणून त्यांच्या हातावर रोख रक्कम ठेवायची, ही कल्पना. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, ओडिशा अशा मागे पडलेल्या राज्यांत खेड्यातल्या बाईला १४०० रुपये आणि शहरातलीला १०००. तिथे सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या सर्वांना. आपल्या महाराष्ट्राची गणना पुढारलेल्या राज्यांत, म्हणून इथे खेड्यात ७०० आणि शहरात ६००. तेही फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या बायकांना. म्हणजे राज्य पुढारलेले म्हणून त्यातल्या गरीब बाईचा वाटा निम्मा! पुढारलेल्या गावच्या पाटलाच्या शेजारी राहिल्याने कुणाची चूल आपोआप पेटत नाही, हे हिशेब मांडणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. आधी इथे वयाची आणि दोनच अपत्यांची अटही होती. ती २०१३ साली निघाली. रक्कम मात्र तीच राहिली. २००५ साली सातशे रुपयांत काय काय येत होते आणि आता काय येते, हे वाणसामानाची यादी करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला मी सांगायला नको.

या योजनेआधी आणखी एक योजना होती, ती आता विस्मृतीत गेली आहे. १९९५ साली निघालेली 'राष्ट्रीय प्रसूती लाभ योजना'. आधी तीनशे, मग पाचशे रुपये. रक्कम लहानच, पण तिचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. हे पैसे बाईच्या हाती बाळंतपणाच्या आधी, आठ ते बारा आठवडे पडावेत, म्हणजे पोटात मूल असताना तिला दोन घास बरे खाता येतील. प्रत्यक्षात ते तसे वेळेवर पडत होते असा माझा दावा नाही. पण कागदावर का होईना, पैसे कधी पोचले पाहिजेत याचा विचार कुणीतरी केला होता. नव्या योजनेत पैशाचे कारण बदलले. तो खाण्यासाठी राहिला नाही, दवाखान्यात जाण्यासाठी झाला. आणि म्हणून तो दवाखान्यात जाऊन आल्यावर मिळू लागला.

आम्हा मराठी शिकवणाऱ्यांना शब्दांचा चाळा. सरकारी भाषेत या रकमेला 'लाभ' म्हणतात आणि बाळंतिणीला 'लाभार्थी'. आपल्या घरांत याच गोष्टीला एक जुना, गोड शब्द होता: बाळंतविडा. डिंक, अळीव, खारीक, खोबरे, तुपाचा डबा, बाळाला अंगडे-टोपडे. आत्या, मावश्या, शेजारणी, ज्याला जे झेपेल ते घेऊन येत. गरिबाघरीही कुणी शेरभर गूळ घेऊन येई. बाळंतविड्याचे दोन नियम होते. तो बारशाच्या आत पोचला पाहिजे, नाहीतर आणणाऱ्याची शोभा; आणि तो घेताना बाळंतिणीने आपण बाळंत झाल्याचा दाखला द्यायचा नसतो. सरकारला आत्याबाई होता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण पहिला नियम तरी?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख लिहिण्याच्या भरात अन्याय व्हायचा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली सुमारे पासष्ट बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा पंचाण्णवच्या जवळ गेला. साऱ्या देशात तो एकोणचाळीसवरून एकोणनव्वदवर आला. एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात २००४-०६ च्या सुमारास १३० माता दगावत होत्या, २०१८-२० मध्ये ३३. हे आकडे वाचून मी खुर्चीत ताठ बसले. एका पिढीच्या आत एवढा फरक! माझ्या आजीच्या तोंडी 'बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म' हे वाक्य केवळ वाक्प्रचार म्हणून नसे. तिची एक जाऊ आणि एक नणंद या दुसऱ्या जन्मापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

मग हे सारे सातशे रुपयांनी केले काय? तसे म्हणवत नाही. एक तर या वर्षांत पुष्कळ गोष्टी एकदम घडल्या. गावोगाव आशाताई आल्या. आशा म्हणजे त्याच गावातली सून, जी गरोदर बाईची नोंद करते, गोळ्या देते, तपासणीला नेते आणि वेळ आली की रात्री-अपरात्री बरोबर जाते. तिला कामागणिक मोबदला मिळतो; खेड्यात एका बाईला तपासण्यांसकट दवाखान्यातल्या बाळंतपणापर्यंत पोचवले की सहाशे रुपये. २०११ च्या जूनपासून 'जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम' सुरू झाला आणि सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, शस्त्रक्रियेचे असले तरी, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी धरून फुकट ठरले. १०२ आणि १०८ क्रमांकाच्या गाड्या धावू लागल्या. रस्ते झाले, मुली शिकल्या. यांतले श्रेय कुणाला किती द्यायचे, याचा वाद तज्ज्ञ घालत असतात. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या योजनेची एक मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. पैशामुळे दवाखान्यात येणाऱ्या बायका खूप वाढल्या, हे तिने मान्य केले. पण अगदी गरीब आणि अगदी अशिक्षित बायकांपर्यंत पैसा नेहमीच सर्वांत जास्त पोचतो असे नाही, हेही तिने दाखवून दिले.

मावशींच्या बोलण्यातही मला हेच दिसले. "सातशे रुपयांसाठी कोण दवाखान्यात जातंय बाई? आशाताई आली म्हनून गेलो," असे त्या म्हणाल्या. आणि 'फुकट' या शब्दाचा अर्थ? २०१९-२१ च्याच पाहणीत देशभरच्या बायकांना विचारले होते, की सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाला घरचा पैसा किती लागला. सरासरी आली २९१६ रुपये. त्यापुढे सातशे ठेवून पाहा.

कोल्हापूरकरांना दवाखान्याचे हे कोडे आजचे नाही. दसरा चौकाजवळ आपला सी. पी. आर., म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, उभा आहे. जुनी माणसे त्याला अजून 'थोरला दवाखाना'च म्हणतात. संस्थानच्या काळात त्याचे नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली या दवाखान्यातल्या स्त्रियांच्या विभागावर एका मुलीची नेमणूक झाली होती. वय एकवीस, पदवी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची, नाव आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि दहाच दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या वैद्यकीकडे वळल्या आणि पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. त्या काळी बायका दवाखान्यात जात नसत, कारण तिथे पुरुष डॉक्टर असे. बाई डॉक्टर आणली की बायका येतील, असे संस्थानने ताडले होते. आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने खंगून. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या. कोल्हापूरचा तो विभाग त्यांची वाट पाहत राहिला. पुढे शाहू महाराजांनी कृष्णाबाई केळवकर यांना उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला पाठवले आणि याच दवाखान्यात त्यांनी बायकांची सेवा केली. दसऱ्याच्या सोन्याला आपण दरवर्षी त्या बाजूने जातो, पण हे कितीकांच्या मनात येते!

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की आडकाठी कशाची आहे ते त्या वेळच्या कारभाऱ्यांनी नेमके हेरले होते. पुरुष डॉक्टरची लाज ही आडकाठी, तर बाई डॉक्टर हा उपाय. आजची आडकाठी काय आहे? शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांतल्या धनगरवाड्यांवर ती रस्त्याची आहे. तिथे पावसाळ्यात अडलेल्या बाईला अजून झोळी करून खांद्यावरून खाली आणण्याची पाळी येते, आणि त्या वाटेवर सातशे रुपयांचा काही उपयोग नसतो. आदिवासी जिल्ह्यांत यावर 'माहेरघर' नावाची एक चांगली युक्ती निघाली. दिवस भरत आले की बाईने आरोग्य केंद्रालगतच्या खोलीत चार दिवस आधीच येऊन राहायचे. नाव ज्याने कुणी ठेवले त्याला मराठी मन कळत असले पाहिजे.

आणि माहेर म्हटले की दुसरी आडकाठी आली. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नोंद झाली सासरच्या गावी, बाळंतपण झाले माहेरच्या तालुक्यात. नियम म्हणतो, जिथे बाळंत व्हाल तिथे पैसे मिळतील. खिडकीतला माणूस म्हणतो, कार्ड तिकडचे आहे, तिकडे विचारा. त्यात लग्न झाले की आपल्याकडे बाईचे नुसते आडनावच बदलत नाही, मधले नावही बदलते. आधारकार्डावर बापाचे नाव, शिधापत्रिकेवर नवऱ्याचे, बँकेत लहानपणी शाळेतून उघडलेले खाते तिसऱ्याच स्पेलिंगचे. वर्गात 'सुनीता'तला 'नी' ऱ्हस्व लिहिला तर मी अर्धा गुण कापते, आणि त्याबद्दल विद्यार्थिनी मला कडक म्हणतात. संगणक माझ्याहून कडक. तो अर्धा गुण कापत नाही, सगळी रक्कमच अडवतो. २०२४ साली लाडक्या बहिणींच्या अर्जांसाठी रांगा लागल्या तेव्हा कितीक बायकांना पहिल्यांदा कळले, की सरकारदरबारी आपण एक बाई नसून दोन-तीन आहोत.

तिसरी आडकाठी मात्र मला आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवरच सापडली.

दिवाळी झाली की कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीडकडून, इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड करणाऱ्यांच्या टोळ्या येतात. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कुठल्याही रस्त्याने जा, उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या खोपी दिसतील. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादमाकडून मोसमाआधी उचल घ्यायची आणि सहा महिने ती फेडायची. बाईला बरे नाही, ती फडात आली नाही, की पडला 'खाडा'. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत धरला जातो. गरोदर बाई दिवस भरेतो मोळ्या उचलते, कारण तिचा खाडा म्हणजे जोडीच्या हिशेबातला खाडा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाळीच्या दुखण्याने खाडे पडू नयेत, हे कारण तेव्हा पुन्हा पुन्हा पुढे आले. असल्या हिशेबात दवाखान्याचे तीन दिवस आणि पुढचे दीड-दोन महिने बसवायचे कुठे? आणि सातशे रुपये मिळायचे तर खाते गावाकडे, कार्ड गावाकडे, आशाताई गावाकडे. मोसम संपून ही माणसे परत जातात तेव्हा मूल फडातच रांगायला लागलेले असते.

हा 'खाडा' शब्द मी फडाच्या संदर्भात पहिल्यांदा ऐकला तेव्हा चमकले. शब्द आमच्या घरातला. पेन्सिलीच्या वर्तुळांचा.

मला स्वतःला दोन मुले. दोन्ही वेळी महाविद्यालयाने पूर्ण पगारी रजा दिली. ती मिळाली तेव्हा मला कुणी 'लाभार्थी' म्हटले नाही. तो माझा हक्क होता. या हक्काची कुळकथा आपल्या मुंबई इलाख्यातलीच आहे. गिरण्यांतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी विश्रांती मिळावी, असे विधेयक १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आले. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून तिचा भार बहुतांशी सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ साली देशभराचा प्रसूती लाभ अधिनियम आला, आणि २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. ही सव्वीस आठवडे पूर्ण पगाराची रजा बँकेतल्या, कचेरीतल्या, कारखान्यातल्या बाईला. भांगलण करणारी, मोळ्या वाहणारी, भांडी घासणारी बाई त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेर.

तिच्यासाठी २०१७ च्या जानेवारीपासून 'प्रधानमंत्री मातृवंदना योजना' आली. या योजनेत मजुरी बुडते, तिची थोडी भरपाई हा उद्देश निदान स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. पहिल्या खेपेला ५००० रुपये, हप्त्याहप्त्याने. २०२२ पासून दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६०००. मावशींच्या सुनेला दुसरा मुलगा झाला, म्हणून तिला यातले काही नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर प्रत्येक गरोदर बाईला किमान ६००० रुपये देण्याचे म्हटले होते. मग पाच हजारच का? तर जननी सुरक्षेचे पैसे धरून सरासरी सहा हजार होतात, असा खुलासा. महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या बाईने पाच हजारांत सातशे मिळवून पाहावे. मी गणितात कच्ची, तरी तीनशे कमी पडतात एवढे मला दिसते. तिकडे तामिळनाडूत १९८७ साली डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने अशीच मदत तीनशे रुपयांनी सुरू झाली होती. ती वाढवत वाढवत २०१८ साली १८००० वर नेली, त्यातला काही भाग पौष्टिक खाण्याच्या रूपाने. रक्कम वाढवता येते, एवढे तरी त्यावरून कळते.

आपल्याच आदिवासी भागात आजारी मूल घेऊन दवाखान्यात राहणाऱ्या आईबापांना रोजचे काही पैसे देण्याची सोय आहे, आणि तिला सरकारी कागदांत नाव आहे 'बुडीत मजुरी'. सरकारी मराठीत असा खणखणीत शब्द क्वचित सापडतो. बाळंतिणीच्या पैशालाही तोच शब्द असता तर सातशे की पाच हजार हा प्रश्नच उरला नसता. किती दिवस बुडाले आणि रोजची मजुरी किती, असा सरळ गुणाकार झाला असता. मावशींच्या सुनेचे किती दिवस बुडाले ते मला ठाऊक आहे. बाळंत झाल्यावर पस्तिसाव्या दिवशी ती भांगलणीला गेली. रक्त कमी होते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या चोपन्न बायकांचे रक्त कमी निघाले होते, त्यांतली ही एक. पण बचत गटाचा हप्ता थांबत नाही.

आणि त्या पस्तीस दिवसांत नातवंडाचे न्हाणे-माखणे करायला मावशी बारा दिवस घरी राहिल्या होत्या. त्या बारा दिवसांची वर्तुळे आमच्या दिनदर्शिकेवर होती. दोन सोडून उरलेल्या दहांचे पैसे मी कापले होते. मुद्दाम नव्हे, महिनाअखेरचे गणित, सवयीने. बाळंतविडा म्हणून खोबरे-खारीक पाठवली होती, झबले पाठवले होते, आणि त्याचे मला समाधानही वाटले होते. सातशे रुपयांच्या मेसेजनंतर मी जुनी दिनदर्शिका काढून हिशेब केला, तर कापलेली रक्कम सातशेच्या वरच भरली. ते पैसे परत देताना मावशी म्हणाल्या, "ह्ये कशाचं आणि?" दुसऱ्यांदा पैसे आले आणि दुसऱ्यांदा त्यांना कारण विचारावे लागले. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ झाले आहे. तिथे मावशींचे नाव नोंदलेले नाही, आणि ते नोंदवायला हवे हे इतक्या वर्षांत त्यांच्याइतकेच मलाही सुचलेले नाही.

आता मावशींची धाकटी लेक माहेरी येते आहे. तिला मार्गशीर्षात दिवस भरतील. पहिलीच खेप, त्यामुळे पाच हजारांची योजना लागू. या वेळी मावशींनी आधीच कागदांची पिशवी माझ्या टेबलावर आणून ओतली. मी चष्मा लावून बसले. आधारकार्डावर वडिलांचे नाव, पासबुकावर वडिलांचे नाव पण इंग्रजीत एका अक्षराचा फरक, आणि आशाताईंनी दिलेल्या कार्डावर नवऱ्याचे नाव. गेल्या शनिवारी आम्ही दोघी ते जुळवून घ्यायला गेलो. खिडकीतला मुलगा माझ्याच महाविद्यालयातून गेलेला निघाला. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, कागद उलटेपालटे केले आणि अगदी नम्रपणे म्हणाला, की नाव बदलायचे तर लग्नाचा दाखला लागेल.

"दाखला?" मावशी म्हणाल्या. "आरं बाबा, दोन वर्सं झाली, सगळी गल्ली जेवून गेलीया की!"

दाखला काढायला पुढच्या आठवड्यात लेकीच्या सासरी, ग्रामपंचायतीत जायचे आहे. एक दिवस जाईल. दिनदर्शिकेवर मी तो आधीच लिहून ठेवला आहे, वर्तुळ न करता.